पस्तीस दिवस त्यांना, सरकारला कितीही

पहाटे ५.५०

रात्री पावणेबाराला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक स्क्रीनशॉट. मजकुराच्या आधी मी वरची तारीख बघते. ट्रिब्युनलने अर्ज फेटाळलाय. का फेटाळला ते नंतर, कधी फेटाळला ते आधी. निकालाच्या तारखेपासून ३५ दिवसांत कोर्टात अर्ज पोचला पाहिजे. पत्र वाचल्यापासून नव्हे, निकालापासून. हा निकाल तीन आठवड्यांपूर्वीचा निघाला. ई-मेल जंकमध्ये पडून होता, आणि त्या घरात इंग्रजी ई-मेल वाचणारा माणूस म्हणजे आठवीतला मुलगा. हाताशी उरले दोन आठवडे. पोहे भिजवून ठेवले आणि डायरीत तारीख लाल पेनाने लिहिली.

मी मेलबर्नच्या आग्नेय टोकाला, डँडेनाँगमध्ये, एका लहानशा मोफत कायदा-सल्ला केंद्रात वकील आहे. आश्रय मागायला आलेल्यांच्या केसेस बघते. पुढे येणाऱ्या माणसांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. कायद्यातल्या तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्यात, कारण इथली सगळी गोष्टच तारखांची आहे.

सकाळी ८.१५

थॉमस स्ट्रीटवर अफगाण बाजार आहे आणि चालत पाचेक मिनिटांवर, फॉस्टर स्ट्रीटला, लिटल इंडिया. सकाळी एका टोकाला तंदूरमधून नान निघत असतात आणि दुसऱ्या टोकाला साड्यांच्या दुकानाची शटरं वर जात असतात. मी ज्या देशातून आले तिथले लोक इकडे पॉइंट्स मोजून, स्किल्ड व्हिसा घेऊन विमानाने आले. समोरच्या दुकानातले बरेचसे बोटीने आले. दोघांची कागदपत्रं बघणारं खातं एकच, गृह खातं. अनुभव मात्र इतके वेगळे, की दोन वेगवेगळ्या देशांत राहतो असं वाटावं.

ऑफिस उघडायच्या आधीच फुटपाथवर चार माणसं उभी असतात. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल.

सकाळी ९.००

पहिले आले ते फरशा बसवणारे चाचा. हजारा समाजाचे, अफगाणिस्तानातल्या जाघोरीचे. बरीच वर्षं क्वेट्ट्यात काढल्यामुळे उर्दू चांगली. मला ‘बेटी’ म्हणतात, मीही त्यांना चाचाच म्हणते. हवापाण्याच्या गप्पा माझ्या पुणेरी हिंदीत होतात. कायद्याचा मुद्दा आला की मी फोनवर हजारगी दुभाष्याला जोडून घेते. अर्धवट समजलेल्या हिंदीवर कुणाच्या व्हिशाचा निर्णय टेकवायचा नसतो.

चाचा २०१२च्या ऑक्टोबरमध्ये बोटीने ख्रिसमस बेटावर उतरले. त्या वर्षी १३ ऑगस्टला गिलार्ड सरकारने नियम कडक केले होते. त्या तारखेनंतर आलेल्यांना काही महिने डिटेन्शनमध्ये ठेवून मग बाहेर सोडलं, तेही कामाच्या परवानगीविना. अर्ज करायलासुद्धा मंत्र्याची परवानगी लागे आणि ती यायला काही वर्षं गेली. २०१४च्या अखेरीस अ‍ॅबट सरकारने कायदा केला, की बोटीने आलेल्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तरी व्हिसा तात्पुरताच मिळेल. एक प्रकार तीन वर्षांचा, दुसरा पाच वर्षांचा. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा सिद्ध करा की तालिबान अजून मारतील. आणि तात्पुरत्या व्हिशावर बायकामुलांना बोलावता येत नाही.

मग २०२३ उजाडलं. १३ फेब्रुवारीला अल्बनीझी सरकारने जाहीर केलं, की असा तात्पुरता व्हिसा असलेल्या सुमारे १९ हजार लोकांना कायमचा व्हिसा मिळेल. त्या दिवशी थॉमस स्ट्रीटवर अनोळखी माणसंही मला मिठाई देत होती. मी या सरकारवर पुढे टीका करणार आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवते: ते चांगलं काम होतं. दहा वर्षं लोंबकळलेली माणसं त्याने जमिनीवर आणली.

चाचांचा कायमचा व्हिसा २०२४च्या सुरुवातीला आला. बायको आणि दोन मुलींचा अर्ज लगेच भरला. अडलंय ते मुलाचं. चाचा घरातून निघाले तेव्हा तो १२ वर्षांचा होता. कुटुंबाच्या अर्जात मूल धरलं जातं ते २३ वर्षांपर्यंत, तेही आईबापांवर अवलंबून असेल तर. बापाच्या हातात व्हिसा पडला तेव्हा मुलाने ती रेषा ओलांडली होती. आता तो स्वतंत्र अर्जदार. त्याच्यासाठी वेगळा रस्ता शोधावा लागेल आणि त्याची शाश्वती मी देऊ शकत नाही.

हे सगळं दुभाष्यामार्फत सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग थेट माझ्याकडे बघून उर्दूत विचारलं, “देर किसने की, बेटी?”

उशीर कुणी केला याचं उत्तर फाइलमध्ये पानापानावर आहे. २०१२ ते २०२४ या काळात चाचांनी एकही मुदत चुकवलेली नाही. मी ते लिहून देणार आहे. त्याचा उपयोग होईल असं मात्र त्यांना म्हणाले नाही.

सकाळी ११.१०

मायलेकी. आई श्रीलंकेच्या उत्तरेकडची तमिळ, मुलगी बारावीला. मुलगी इथे आली तेव्हा नुकती शाळेत जाण्याच्या वयाची होती. आता तिचं इंग्रजी अस्सल मेलबर्नचं आहे आणि तमिळ घरापुरतं. बँकेत, दवाखान्यात, वीज कंपनीच्या फोनवर आईची दुभाषी तीच. इथे मी तिला ते काम करू देत नाही. आईवर तिकडे काय गुदरलं ते मुलीने स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगावं, हे बरोबर नाही. म्हणून फोनवर तमिळ दुभाषा, आणि मुलगी बाहेरच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेली.

या कुटुंबाचा अर्ज ‘फास्ट ट्रॅक’मध्ये नाकारला गेला. तीही २०१४च्याच कायद्याची देणगी. नावात वेग असला तरी लोक त्यात वर्षानुवर्षं अडकले. अर्ज खात्याने नाकारला की तो आपोआप एका वेगळ्या यंत्रणेकडे फेरतपासणीला जाई. ती यंत्रणा बहुतेक वेळा अर्जदाराला समोर न बोलावता, नुसते कागद बघून निर्णय देई. या बाईंनी पहिल्या मुलाखतीत लाजेपोटी जे सांगितलं नव्हतं, ते नंतर सांगायची संधी जवळपास नव्हतीच. त्यानंतर कोर्ट. कोर्ट तुमची भीती खरी की खोटी हे बघत नाही. निर्णय देताना कायद्याची चूक झाली का, एवढंच बघतं. वर्षं गेली, केस हरली.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणवत नाही. अल्बनीझींच्या मजूर पक्षाने विरोधात असताना हीच फास्ट ट्रॅक पद्धत अन्याय्य म्हणून नावं ठेवली होती. सत्तेत आल्यावर २०२४च्या ऑक्टोबरमध्ये नवं ट्रिब्युनल उभं केलं आणि ती कागदी फेरतपासणीची यंत्रणा बंद केली. पण त्या यंत्रणेने ज्यांना नाकारलं त्यांचं काय, याचं उत्तर कायद्यात घातलंच नाही. वजनकाटा खोटा होता म्हणून फेकून दिला आणि त्यावर केलेली मापं तशीच ठेवली. २०२३च्या घोषणेच्या वेळी असे १२ हजारांच्या आसपास लोक त्या १९ हजारांच्या बाहेर राहिले. त्यांच्यासाठी उरला एकच दरवाजा: मंत्र्याला विनंती. त्याच वर्षी अशा २२ बायका मेलबर्नहून कॅनबेराच्या संसदेपर्यंत चालत गेल्या होत्या, सहाशेहून जास्त किलोमीटर. आमच्या बाई त्यांत नव्हत्या. गुडघे दुखतात, म्हणाल्या.

आजचा प्रश्न मुलीचा होता. विद्यापीठ प्रवेशाचा अर्ज या महिनाअखेर भरायचाय. मार्क चांगले पडतील असं शिक्षक म्हणतात. पण ब्रिजिंग व्हिशावरच्या, म्हणजे सोक्षमोक्ष लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिशावरच्या, मुलीला सरकारी शैक्षणिक कर्ज नाही, आणि फी लागते ती परदेशी विद्यार्थ्याची. म्हणजे आमच्या पुण्या-नाशिकची मुलं घर गहाण टाकून जी भरतात ती. आईला कामाची परवानगी नाही. घर चालतं ते चर्चमधून मिळणाऱ्या धान्यावर आणि ओळखीच्यांच्या मदतीवर. काही विद्यापीठं आश्रय मागणाऱ्यांना शिष्यवृत्ती देतात. जागा थोड्या असतात. तिथले अर्ज मी आणि मुलीने मिळून भरले. “अ‍ॅक्च्युअली माझा चान्स किती?” तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिने मान डोलावली आणि फोनमध्ये शेवटची तारीख टाकून ठेवली.

दुपारी १.००

डब्यात बटाट्याची भाजी आणि पोळी. शेजारच्या खुर्चीवर सहकारी टोस्ट खातोय.

जेवताना गणपतीतला एक संवाद आठवला. आरतीनंतर एक ओळखीचे काका म्हणाले, “तुझं काम चांगलं आहे गं, पण ही माणसं रांग मोडून आली. आम्ही नाही का सात वर्षं थांबलो पीआरला?” ‘रांग मोडणारे’ हा इथल्या राजकारण्यांचाच शब्दप्रयोग, तो आता आपल्या मंडळींतही छान रुळलाय. काकांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. त्यांनी खरंच सात वर्षं कळ काढली. पण ते थांबले ते नोकरी करत, गाडी घेऊन, दर दोन वर्षांनी आईला भेटून. आणि क्वेट्ट्यात ऑस्ट्रेलियाच्या व्हिशाची रांग लागते कुठे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो आमच्या क्षेत्रातले लोक घाईने बाजूला सारतात. २००८ ते २०१३ या काळात बोटी बुडून सुमारे १,२०० माणसं मेली असं मानलं जातं. बोटींची वाट खुली ठेवणं म्हणजे दया नव्हे, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. २०१३पासून नौदल बोटी समुद्रातूनच परत वळवतं आणि बोटी जवळपास थांबल्या, हेही खरं. पण यातून बारावीतल्या या मुलीला ब्रिजिंग व्हिशावर ठेवायचं कारण निघत नाही. ती बारा-तेरा वर्षांपूर्वी येऊन पोचलेली आहे. तिला टांगून ठेवल्याने हिंदी महासागरात कुणाचा जीव वाचणार?

सहकाऱ्याने पोळीचा तुकडा मागितला. दिला.

दुपारी १.५०

ब्रॉडमेडोजला निघाले. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, तासाभराची गाडी.

दुपारी ३.१५

कॅम्प रोडवरचं डिटेन्शन सेंटर. कागदोपत्री नावात ‘ट्रान्झिट अ‍ॅकोमोडेशन’ आहे, म्हणजे जाता-येता टेकायची जागा. फोन लॉकरमध्ये, ओळखपत्र खिडकीत, हातावर अमली पदार्थ शोधणारी कापडी पट्टी फिरवून घ्यायची, मग दारामागून दार.

मला भेटायचा होता तो तिशीतला इराणी तरुण. २०१३च्या सुरुवातीला बोटीने आला. १९ जुलै २०१३च्या आधी, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर राहिला. त्या दिवशी तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी जाहीर केलं होतं, की यापुढे बोटीने येणारा कधीही ऑस्ट्रेलियात वसणार नाही. त्यानंतरच्यांना नाउरू आणि पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर पाठवलं गेलं. मानुसचं पुढे काय झालं ते जगाला कळलं बेहरूज बूचानी या कुर्द लेखकामुळे. तिथे कोंडलेला असताना त्याने फोनवरून मेसेज पाठवत आख्खं पुस्तक लिहिलं आणि २०१९मध्ये व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळवला. पुरस्कार घ्यायला त्याला इथे येऊ दिलं नाही. त्याआधीच, २०१६मध्ये, पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कोंडी घटनाबाह्य ठरवली होती, आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया सरकारने मानुसवरच्या १,९०५ लोकांचा दावा ७ कोटी डॉलर भरपाई देऊन मिटवला.

हा तरुण इथेच राहिला, पण अर्ज हरला, व्हिसा संपला आणि पुन्हा आत आला. सप्टेंबरात मेलबर्नमध्ये फूटीचे, म्हणजे इथल्या फुटबॉलचे, अंतिम सामने चालू असतात. बसल्या बसल्या त्याने विचारलं, तुमचा क्लब कुठला? मी म्हटलं, क्रिकेट. त्याने कीव केल्यासारखं बघितलं.

त्याची केस समजून घ्यायला तीन निकाल लागतात. २००४मध्ये अल-कातेब खटल्यात हायकोर्टाने (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की ज्याला कुठलाच देश घेत नाही त्यालाही अनिश्चित काळ डांबून ठेवणं कायदेशीर आहे. तो अर्जदार राष्ट्रहीन पॅलेस्टिनी होता. एकोणीस वर्षं हा कायदा राहिला. मग ८ नोव्हेंबर २०२३ला हायकोर्टाने एकमताने तो फिरवला: परत पाठवण्याची नजीकच्या काळात खरी शक्यता नसेल तर डांबून ठेवणं म्हणजे शिक्षा, आणि शिक्षा देणं हे कोर्टाचं काम, मंत्र्याचं नव्हे. सुरुवातीला दीडशेच्या आसपास लोक बाहेर आले, पुढे आणखी. त्यांत गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेलेही होते, म्हणून देशभर आरडाओरडा झाला आणि सरकारने घाईघाईने पायात इलेक्ट्रॉनिक पट्टे, रात्रीची संचारबंदी लादली. वर्षभराने हायकोर्टाने तेही रद्द केलं.

माझा इराणी तरुण तरीही आत आहे, तो तिसऱ्या निकालामुळे. इराण आपल्या नागरिकांना जबरदस्तीने परत घेत नाही; माणसाने स्वतः प्रवासाच्या कागदावर सही केली तरच घेतो. २०२४च्या मे महिन्यात हायकोर्ट म्हणालं, की ज्याच्या सहीवाचून परत पाठवणं अडलंय, त्याची कोंडी अनिश्चित नाही. किल्ली त्याच्याच हातात आहे.

“सही केली तर?” तो.

“तर परत पाठवतील.”

“नाही केली तर?”

“तर इथेच. शिवाय २०२४च्या नव्या कायद्याने सहकार्य करण्याचा हुकूम काढता येतो. तो मोडला तर किमान एक वर्ष तुरुंग, जास्तीत जास्त पाच.”

“तुरुंगात निदान सुटायची तारीख सांगतात,” तो म्हणाला. इथे बहुतेक सगळे हे वाक्य म्हणतात, आणि ते खोडून काढता येत नाही. इथल्या कुणाच्याच फाइलवर सुटकेची तारीख नसते. २०१३च्या जुलैत देशभरात अशा कोठड्यांमध्ये १० हजारांहून जास्त माणसं होती, आज हजाराच्या आसपास आहेत. संख्या उतरल्यामुळे प्रश्न बातम्यांतूनही उतरला.

सही करायची की नाही, हा सल्ला मी देत नाही. परिणाम काय ते सांगते. आज ते सांगायला दीड तास लागला, कारण तो प्रत्येक वाक्य वहीत फारसीत उतरवून घेत होता.

संध्याकाळी ५.३०

रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने. रेडिओवर नाउरू. २०२५च्या ऑगस्टच्या शेवटी झालेल्या करारानुसार, हायकोर्टाच्या २०२३च्या निकालामुळे सुटका झालेल्या साडेतीनशेच्या आसपास लोकांना नाउरूला पाठवण्यासाठी ३० वर्षांत जास्तीत जास्त अडीच अब्ज डॉलर मोजले जाणार. माणशी किती याचा हिशेब मी सिग्नलला थांबल्यावर केला आणि रेडिओ बंद केला.

संध्याकाळी ७.१५

वरणभात. लेकाचा गणिताचा गृहपाठ. सकाळच्या स्क्रीनशॉटवाल्याला फोन करून उद्या अकराची वेळ दिली.

रात्री ८.४५

जेवणानंतर शांत डोक्याने करायचं काम म्हणजे मंत्र्याला पत्र. इराणी तरुणासाठी. डिटेन्शनमधल्या माणसाला ‘सार्वजनिक हितासाठी’ व्हिसा द्यायचा अधिकार कायद्याने मंत्र्याला दिलाय, आणि त्याच कलमात असंही लिहिलंय, की हा अधिकार वापरायचा की नाही याचा विचार करायलाही मंत्री बांधील नाहीत. उत्तर कधी द्यायचं याची मुदत नाही. नकार आला तर कारण सांगायची सक्ती नाही. अशा पत्रात कायदा थोडा आणि माणूस जास्त लिहावा लागतो: त्याने आत राहून कोणते कोर्स केले, डॉक्टर काय म्हणतात, बाहेर कोण सांभाळेल. पुण्यात लॉ कॉलेजात अर्ज आणि विनंती यांतला फरक शिकवला होता. इथे येऊन मी विनंतीच जास्त लिहिते.

आश्रयाच्या धोरणात सुधारणा म्हटलं, की इथे प्रत्येक सरकार एक नवी तारीख ठरवतं आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे असे गट पाडतं. २०२३ची सुधारणाही तशीच होती, फक्त दयाळू. माझ्या मते दुरुस्ती दुसरीकडे हवी. अर्जदाराला ३५ दिवस, २३ वर्षं, महिनाअखेर, अशा सगळ्या मुदती आहेत. सरकारला एकही नाही. कॅनडात डिटेन्शनमधल्या माणसाची ४८ तासांत, मग पुढच्या सात दिवसांत आणि नंतर दर ३० दिवसांनी सरकारी खात्याबाहेरच्या मंडळापुढे सुनावणी होते, आणि त्याला आत का ठेवायचं ते सरकारला दर वेळी नव्याने पटवून द्यावं लागतं. तो देश काही बुडालेला नाही. फास्ट ट्रॅकमध्ये नाकारलेल्यांना तर फक्त एक नीट सुनावणी हवीय, समोर बसून.

आणि ऑस्ट्रेलियाला हे परकंही नाही. १९९२मध्ये कीटिंग सरकारने सक्तीचं डिटेन्शन आणलं तेव्हा त्या कायद्यात अर्ज चालू असलेल्या माणसाला कोठडीत ठेवायला २७३ दिवसांची मर्यादा होती. १९९४च्या सप्टेंबरपासून ती काढून टाकली आणि नंतर आलेल्या एकाही सरकारने परत आणली नाही.

इथे नागरिकत्व घेतलेल्या मराठी वाचकांना एक सांगणं आहे. दिवाळी मेळाव्यात तुमचे खासदार पणती लावायला येतील, सेल्फी काढतील, समोशाची स्तुती करतील. त्यांना हा २७३चा आकडा विचारा आणि तो कायद्यात परत आणायला ते मत देतील का, हे त्यांच्याकडून लेखी मागा.